लघवीचा बदललेला रंग : दुर्मीळ विकाराचा इशारा

कर्करुग्णाला अशक्तपणा येणे अपेक्षितच असते. त्यामुळेच स्नायूंचे झपाट्याने होणारे विघटन, म्हणजेच रॅब्डोमायोलिसिस, ही दुर्मीळ गुंतागुंत नजरेआड होण्याची भीती असते.

या विकारात स्नायूपेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन व पोटॅशियम रक्तात मिसळते. मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते, तर वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडविते. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या जखमींमध्ये मूत्रपिंडे कशी निकामी होतात, हे बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ साली नोंदविले. कर्करुग्णांमध्ये काही औषधे, जंतुसंसर्ग, क्षारांचे असंतुलन किंवा दीर्घकाळ एकाच स्थितीत पडून राहणे यांमुळे हेच घडू शकते.

आपल्या शहरात २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. तरीही दोन केमोथेरपींमधील दिवस बहुतेक रुग्ण घरीच काढतात. म्हणून पहिली नजर कुटुंबीयांचीच असते. स्नायू दुखणे, हातापायांतील बळ जाणे, लघवी कोऱ्या चहासारखी वा कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

रक्तातील क्रिएटिन कायनेज पाचपटींहून अधिक वाढलेले असल्यास निदानास बळकटी येते. वेळीच शिरेवाटे सलाईन दिल्यास व मूळ कारण दूर केल्यास मूत्रपिंडे बहुधा सावरतात. विलंब झाल्यास डायलिसिसची वेळ येऊ शकते. मूत्रपिंडे वाचली, तरच कर्करोगावरील पुढील उपचारांची वाट मोकळी राहते.