कर्ज लपवू नका, वहीवर आणा

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी बुद्धवंदना होते. वंदनेला न चुकता येणारी, मुलांकडून त्रिशरण-पंचशील पाठ करून घेणारी एक भगिनी गेल्या पावसाळ्यात अचानक यायची बंद झाली. आजारी असेल असे वाटले. महिना गेला, दीड महिना गेला. शेवटी माझी पत्नी तिच्या घरी गेली, तेव्हा दाराची कडी आतून लावलेली. बऱ्याच वेळाने दार उघडले. "वसुलीवाला असेल असं वाटलं, वहिनी," ती म्हणाली आणि रडू लागली. विहारात येत नव्हती, कारण महिला बचत गटाचे तिच्याकडे आठ हजार रुपये होते आणि गटाच्या बाया वंदनेला समोर बसत.

कर्जाने माणूस भाकरीला महाग होतो हे आपण जाणतो. पण त्याआधी तो माणसांना महाग होतो. लग्नाला जात नाही, जयंतीच्या मिरवणुकीत दिसत नाही, विहाराची पायरी चढत नाही. कर्जाइतकीच ती लपवण्याची धडपड त्याला खाते. म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. कर्ज लपवू नका. ते वहीवर आणा, घरात सांगा, आणि ज्यांचे देणे आहे त्या सर्वांपुढे एकच हिशोब मांडा. त्यासाठी कोणाला फी द्यावी लागत नाही.

तथागतांनी सांगितलेले सुख

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, असे अंगुत्तर निकायात आले आहे. कष्टाने मिळवलेले जवळ असणे, ते योग्य रीतीने उपभोगणे, कोणाचे ऋण नसणे आणि निर्दोष आचरण असणे, ही ती चार सुखे. ऋण नसण्याच्या सुखाला तेथे 'अनण सुख' म्हटले आहे. संसारी माणसाच्या हिशोबाकडे धम्माने पाठ फिरवलेली नाही.

कर्ज काढणे हे पाप आहे, असे मात्र कोणी समजू नये. परमपूज्य बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांनी नवल भाथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले होते. कर्ज कशासाठी घेतले आणि त्याचा हिशोब आपल्या हातात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

वहीत काय निघाले?

मी कारकुनी करणारा माणूस. शंभर पानी वही आणि पेन घेऊन त्या भगिनीच्या घरी बसलो. तिचे यजमानही बसले. आधी ते बोलायला तयार नव्हते. पहिल्या पानावर घरात येणारा पैसा लिहिला. यजमान कारखान्यात वॉचमन, हातात १४,००० रुपये. ती शाळेत खिचडी शिजवते आणि दोन घरची धुणीभांडी करते, मिळून ६,०००. एकूण २०,०००.

दुसऱ्या पानावर खर्च. किराणा, भाजी, दूध ६,४००. भाडे आणि लाईट ३,५००. मुलांच्या वह्या, शिकवणी १,५००. बसभाडे १,२००. औषधे ८००. गॅस ७००. मोबाईल ३००. यजमानांची तंबाखू आणि बाहेरचा चहा ६००. बेरीज १५,०००. म्हणजे कर्जासाठी उरतात ५,०००.

तिसऱ्या पानावर कर्ज. एका मायक्रोफायनान्स कंपनीची बाकी ३०,०००, महिन्याचा हप्ता २,४००. दुसरीची बाकी २२,०००, हप्ता १,९००. हप्त्यावर घेतलेल्या फ्रीजचे राहिलेले ६,०००, हप्ता १,०००. बचत गटाचे ८,०००, हप्ता ८००. एवढे सांगून दोघे गप्प झाले. बऱ्याच वेळाने यजमान म्हणाले, "भाऊ, अजून एक आहे." एका बिनपरवाना सावकाराचे २०,००० होते, शेकडा १० रुपये महिना व्याजाने. महिन्याला २,००० नुसते व्याज. चौदा महिन्यांत २८,००० रुपये भरले होते आणि मुद्दल जिथल्या तिथे. तारण म्हणून यजमानांचे एटीएम कार्ड त्याच्या खिशात. हे बायकोला त्या दिवशी प्रथम कळले.

एकूण बाकी ८६,०००. एकूण हप्ते ८,१००. हाती ५,०००. दर महिन्याला ३,१०० रुपये कमी पडत आणि ते भरायला नवे कर्ज काढले जाई. दुसरी कंपनी पहिलीच्या हप्त्यासाठी आली होती आणि सावकार दोघींच्या हप्त्यांसाठी.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मायक्रोफायनान्सचे कर्ज देताना घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. या घरचे हप्ते चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. नियमात बसणारे कर्जही घरात बसेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

योजना कशी आखावी?

पहिली गोष्ट, जुने फेडायला नवे घ्यायचे नाही. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, अन्न, भाडे, लाईट, औषध आणि मुलांचे शिक्षण यांना हात लावायचा नाही. मुलाची शाळा सोडवून फेडलेले कर्ज पुढच्या पिढीच्या डोक्यावर जाते. यजमानांनी आपणहून तंबाखू सोडली, चहापुरते २०० ठेवले. ५,००० चे ५,४०० झाले.

तिसरी गोष्ट, सर्व देणेकऱ्यांना लेखी कळवायचे. एका पानावर उत्पन्न, खर्च, सर्व कर्जांची यादी आणि प्रत्येकाला आपण दरमहा किती देऊ शकतो तो आकडा. खाली सही, तारीख आणि पोच. जो आकडा खरोखर देता येईल तोच लिहावा. कोणाला बरे वाटावे म्हणून वाढवून लिहिलेला आकडा दुसऱ्याच महिन्यात तोंडघशी पाडतो.

पहिल्या कंपनीने शाखेत कागद पाहून मुदत वाढवली आणि हप्ता १,८०० केला. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते, हे समजूनच आम्ही ते घेतले. दुसरी कंपनी अडून बसली, १,९०० पेक्षा कमी नाही. मग फ्रीजच्या दुकानदाराला विनंती केली, तो ५०० वर आला. बचत गटाच्या बैठकीत ती भगिनी स्वतः उभी राहिली आणि वही वाचून दाखवली. गटाने दरमहा २०० घ्यायचे ठरवले. शेकडा दोनने १६० व्याजच होते, म्हणजे फक्त ४० रुपये मुद्दलात. पण गटातल्या बायांनी सांगितले, "बाई, तू वंदनेला येत जा."

सावकाराचे काय?

महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून वर्षाला तारणी कर्जावर १५ आणि बिनतारणी कर्जावर १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, अशी मर्यादा शासनाने त्याच वर्षी घातली. शेकडा १० रुपये महिना म्हणजे वर्षाला १२० टक्के! तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकाकडे करता येते.

तक्रारीचा अर्ज आम्ही लिहून तयार ठेवला. आधी यजमानांनी बँकेत जाऊन जुने एटीएम कार्ड बंद केले आणि नवे घेतले. मग विहार समितीतील दोन ज्येष्ठ उपासकांना घेऊन आम्ही सावकाराकडे गेलो. अर्ज त्याच्यापुढे ठेवला. व्याज बंद आणि मुद्दल दरमहा १,००० प्रमाणे, असे त्याने लिहून दिले. माझे मत तक्रार करण्याचे होते, कारण मुद्दलाहून जास्त पैसे त्याला आधीच पोचले होते. पण तो त्याच गल्लीत राहतो आणि मुली त्याच गल्लीतून शाळेत जातात. निर्णय त्या दांपत्याचा होता आणि कार्यकर्त्याने तो मानला पाहिजे.

१,८००, १,९००, १,०००, ५०० आणि २०० मिळून ५,४००. आकडा जुळला. फ्रीज आणि दुसरी कंपनी वर्ष-सव्वा वर्षात संपेल. त्यांचे सुटलेले पैसे खर्चात न घालता उरलेल्या कर्जांकडे वळवायचे. सारे नीट चालले तर दोन वर्षांच्या आत घर मोकळे होईल.

मदत कोठे मिळते?

ब्रिटनमध्ये काही धर्मादाय संस्था कर्जदाराचा हिशोब मांडून देतात, त्याच्या वतीने देणेकऱ्यांशी बोलतात, आणि फी घेत नाहीत. आपल्याकडे २००६ साली बँक ऑफ इंडियाने मुंबईत 'अभय' हे मोफत कर्ज समुपदेशन केंद्र सुरू केले. आज जिल्ह्यांच्या अग्रणी बँकांमार्फत आर्थिक साक्षरता केंद्रे चालतात. तेथे वही घेऊन जावे.

दुसरे ठिकाण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला त्याची समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पासून बौद्धांनाही आहेत. दूरध्वनी क्रमांक १५१००. दावा दाखल होण्याआधीही लोकअदालतीत तडजोड करता येते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून पेलणाऱ्या हप्त्यालाच होकार द्यावा.

हप्ता थकला म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. पण दिलेला धनादेश वटला नाही तर प्रकरण फौजदारी होऊ शकते. तशी नोटीस आल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस असतात. नोटीस फेकू नका, त्याच दिवशी वकिलाकडे न्या. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावण्यास मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास यांनाही मनाई आहे. तसे घडले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ही तक्रार मोफत असते, माहितीसाठी क्रमांक १४४४८.

'आधी फी भरा, कर्ज माफ करून देतो' असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. अशा जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जनतेला सावध केले आहे. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक हप्त्याची पावती वहीत चिकटवा. कर्ज संपले की बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.

विहाराने काय करावे?

आपल्या विहारांत वाचनालये आहेत, अभ्यासवर्ग आहेत. महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर तासभर हिशोबासाठी ठेवावा. वस्तीत एखादा बी.कॉम. झालेला मुलगा, बँकेत नोकरीला असलेली मुलगी सापडतेच. त्यांनी वही लिहायला मदत करावी आणि एका घरचे आकडे दुसऱ्या घरी सांगू नयेत. लग्न साधेपणाने करणाऱ्या कुटुंबाचा जाहीर सत्कार करावा. वर्गणी मागताना घर पाहावे.

त्या घरचा आज आठवा महिना चालू आहे. पाचव्या महिन्यात धाकटीला डेंग्यू झाला आणि हप्ते चुकले. पण या वेळी कडी लावून कोणी बसले नाही. तारखेच्या आधीच सर्वांना कळवले आणि पुढच्या दोन महिन्यांत ते भरून काढले. अजून बरेच देणे आहे. ती भगिनी मात्र दर रविवारी वंदनेला येते. परवा येताना एका शेजारणीला बरोबर घेऊन आली. शेजारणीच्या पदराखाली शंभर पानी कोरी वही होती.

नमो बुद्धाय! जयभीम!