प्रवेश मिळाला, पुढें काय?

परवचा आमच्या घरांतून अद्याप गेलेला नाहीं. दिवेलागणीस सात मुलें माजघरांत बसतात आणि पाढ्यांचा एकच गजर होतो. ह्या सातांत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाचा आवाज सर्वांत खणखणीत. रामरक्षा त्याला नुसती ऐकून मुखोद्गत झाली. पुस्तक हातीं दिलें कीं मात्र घाम फुटावयाचा. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' ह्यांतील भेद त्याच्या ध्यानांत राहीना. आम्हीं त्याला आळशी म्हटलें, वडील मंडळींनीं हट्टी ठरविलें, आणि शाळेनें शेवटच्या बांकावर बसवून प्रश्न निकालांत काढला. तज्ज्ञांकडून तपासणी होऊन ह्याला अध्ययन-अक्षमता म्हणतात, बुद्धीचा ह्यांत दोष नाहीं, असें कळलें तेव्हां तो दहा वर्षांचा होता. तोंपर्यंत वर्गाचा हंशा त्यानें पुष्कळ सोसला होता, घरचाहि.

आपली लिपि सोपी, जसें लिहावें तसें वाचावें, असें आपण अभिमानानें म्हणतों. वाचकांनीं क्षणभर अशा मुलाच्या जागीं बसून पाहावें. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं येते, उच्चारांत ती क च्या मागून. 'अर्क' म्हणतांना र आधीं उच्चारावयाचा, आणि कागदावर तो क च्या डोक्यावर जाऊन बसतो! आपल्याला हें कधीं जाणवलेंच नाहीं.

कायदा आज अशा मुलांच्या बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत 21 प्रकार गणले आहेत, त्यांत अध्ययन-अक्षमता येते. सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेनें भेदभाव न करितां प्रवेश द्यावा, हेंहि त्यांत सांगितलें आहे. सामान्य शाळांतहि विशेष शिक्षकांचीं कायम पदें असावींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2021 सालीं दिला. आमच्या मुलाच्या शाळेंत अशा एक शिक्षिका येतात खऱ्या, परंतु आठवड्यांतून एकच दिवस. उरलेले दिवस त्यांच्या दुसऱ्या शाळांचे.

मग रोजच्या वर्गांत काय होतें? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक वर्गांना 30 मुलांमागें एक शिक्षक सांगितला. ह्याच्या वर्गांत मुलें 52. तास 35 मिनिटांचा. हिशेब केला तर एका मुलाच्या वांट्यास 40 सेकंद येतात, आणि तेहि हजेरी, वह्या व दंगा ह्यांत कांहींच वेळ गेला नाहीं तर. शेवटच्या बांकाची तक्रार घेऊन आम्ही गेलों, तेव्हां बाई म्हणाल्या, "काका, मी ह्याच्याजवळ बसलें तर बाकीच्या एक्कावन्नांकडे कोण पाहील?" रागावून गेलेले आम्ही निरुत्तर होऊन परतलों.

प्रत्येक मुलास सामान्य वर्गांतच बसवावें, असा आमचा हट्ट नाहीं. जन्मतः बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी हवे असतात, आणि ते त्याला बहुधा बधिरांच्या शाळेंतच भेटतात. आमच्या पुतण्याला मात्र वेगळी शाळा नको होती, शिकविण्याची वेगळी रीत हवी होती.

आणि वेगळी रीत म्हटली कीं आम्ही सुशिक्षितच आधीं हंसतों! 2019 सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'पंचवीस' बरोबर 'वीस पाच' असेंहि वाचन दिलें, तेव्हां केवढी थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या. आमच्या ओसरीवर मात्र विनोद चालले होते, आणि त्यांत आम्ही पुढें होतों. पंचवीस म्हणतांना पांच आधीं, लिहितांना 2 आधीं. एकोणतिसांत तर दोनाचा किंवा नवाचा मागमूसहि नाहीं. आमचा पुतण्या पंचवीस ऐकून 52 लिहितो. 'वीस पाच' म्हटलें कीं चुकत नाहीं.

बाईंनीं पुढें मार्ग काढला तो साधाच. पहिला बांक, फळ्यावरचें हळूच वाचून दाखविणारा शेजारी, आणि परीक्षा तोंडी. इतिहासांत तो वर्गांत तिसरा आला. लगेच इतर पालकांची कुरकुर सुरू झाली: त्यालाच सवलत कां? आमच्याच घरांत थोरल्या पुतण्यानें तोच प्रश्न केला. दहावीच्या परीक्षेंत अशा मुलांना तासामागें 20 मिनिटें जादा आणि गरजेप्रमाणें लेखनिक मिळतो, हें ऐकून तर तो अधिकच खट्टू झाला. "तुला परीक्षेला चष्मा काढून बसवतात का रे?" असें आजीनें त्याला विचारलें. त्याला कितपत पटलें हें त्यालाच ठाऊक.

जूनमध्यें वर्ग बदलेल, बाई बदलतील, आणि सारें पुन्हां पहिल्यापासून सांगावें लागेल. म्हणून भावजयीनें नव्या शिक्षकांकरितां एक चिठ्ठी लिहून ठेविली आहे. हा ऐकून शिकतो. फळ्यावरचें उतरून घ्यावयास ह्याला वेळ लागतो. पहिल्या बांकावर बसवावें. चौथी ओळ मुलानें स्वतः सांगून घातली: सर्वांदेखत मोठ्यानें वाचावयास उभें करूं नये.