मागे कोण बघतंय?

गणपतीला गावी निघालो होतो. पहाटे साडेचारला ठाण्यात गाडी भरली. डिकी सामानाने गच्च, मागच्या सीटवर आत्या, तिची सून आणि मधे सहा वर्षांचा नातू. "आत्या, बेल्ट लाव," म्हटलं. ती सहज म्हणाली, "अरे, मागे कोण बघतंय?"

लावायचा म्हटलं तरी बकल सापडेना. गाडी घेतली त्याच आठवड्यात रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली होती. ती घट्ट बसावीत म्हणून कारागिराने मागची तिन्ही बकलं सीटच्या फटीतून खाली ढकलून दिली होती. पट्टे खांद्याशी लोंबत होते, पण अडकवायला जागाच नव्हती. मोबाइलचा टॉर्च लावून, मनगटापर्यंत हात घालून ती बकलं एकेक करून वर काढली. त्यात पंधरा मिनिटं गेली. दोन वर्षं ही गाडी घरातल्या माणसांना अशीच घेऊन फिरत होती, हे त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा नीट कळलं.

आत्याचं वाक्य मात्र तिच्या एकटीचं नाही. पट्टा पोलिसासाठी लावायचा आणि पोलीस बघतो पुढे, असं आपण सगळ्यांनीच धरून ठेवलंय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅगा भरपूर होत्या. त्याआधी जून २०१४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे अपघातात गेले, तेही मागच्याच सीटवर होते. दोन्ही वेळा मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि काही आठवड्यांत विरली.

मागे बसलेला माणूस सुरक्षित, हा समज येतो कुठून? पुढे काच आहे, डॅशबोर्ड आहे. मागे नुसती मऊ पाठ दिसते. पण गाडी ताशी ५० किलोमीटरने धडकून थांबते तेव्हा आतली माणसं थांबत नाहीत. ती त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तीन मजले उंचीवरून खाली पडताना जमिनीशी येणारा वेग. एक्स्प्रेसवेवरचा ताशी १०० चा वेग घेतला तर ती उंची दुप्पट नाही, चौपट होते. जवळजवळ तेरा मजले. ज्या उंचीच्या गच्चीवर कठड्याजवळ जायलाही आपण घाबरतो, तेवढा वेग अंगात घेऊन आपण मागे पाय पसरून बसलेले असतो.

आणि मागचा माणूस आदळतो तो पुढच्या सीटवर, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीवर. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागच्यांनी पट्टा लावला नसेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांचाही मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. पट्टा न लावणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

मांडीवरच्या लेकराचं गणित याहून क्रूर आहे. दहा किलोचं बाळ, गाडीचा वेग ५०, आणि थांबायला मिळालेलं अंतर अर्धा मीटर. तेवढ्या क्षणात बाळाला धरून ठेवायला जवळपास दोनशे किलो पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईच्या हातात तो नसतो. आई आणि बाळ एकाच पट्ट्यात बांधलं, तर आईचं वजन बाळावर येतं. म्हणून लहान मुलांना त्यांची वेगळी सीट लागते. अगदी लहान बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते आणि ती चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नसते.

एअरबॅगवर आपली श्रद्धा फार आहे. कंपन्या सहा एअरबॅगा सांगतात आणि आपण मोजतो. पण त्या सहा कुठे असतात? दोन पुढच्यांच्या समोर, दोन पुढच्या सीटच्या कडेला, दोन खिडक्यांवर पडद्यासारख्या. समोरून धडक बसली तर मागच्या माणसासमोर सहसा एकही नसते. त्याच्याकडे असतो फक्त पट्टा. पुढच्यांसाठीही एअरबॅग ही पट्ट्याची जोड आहे, बदली नव्हे. ती डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगते. पट्टा नसलेला माणूस तोवर पुढे झेपावलेला असतो आणि फुगणाऱ्या पिशवीचा तडाखाच त्याच्या तोंडावर बसतो.

गाडीच्या ताऱ्यांचंही तसंच. धडक-चाचणीवरून गाड्यांना तारे देणारं 'भारत एनकॅप' ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. पण त्या गाडीतले पुतळे पट्टा लावून बसवलेले असतात. मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन पुतळे असतात, तेही मुलांच्या सीटमध्ये नीट जखडलेले. मिळालेले पाच तारे अशा बसण्याला मिळालेले असतात. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वोत घडवला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होता. शरीर किती झटका सोसू शकतं, हे त्याला ठाऊक होतं. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांना खुलं ठेवलं. आजच्या अनेक पट्ट्यांत धडकेच्या क्षणी छोट्या स्फोटाने पट्टा आवळणारी आणि मग छातीवर फार ताण येऊ नये म्हणून तो किंचित सैल सोडणारी यंत्रणा असते. पुढच्या पट्ट्यांना ती बहुधा असतेच. मागच्यांना आहे का, हे गाडी घेताना जरूर विचारावं.

आणि बाजारात काय मिळतं? बकलमध्ये खुपसायची धातूची क्लिप. पट्टा न लावताच गाडीची आठवणीची टुणटुण बंद. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढायला लावल्या; तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरल्या. गाडीच्या एका आवाजाला गप्प करायला लोक पैसे मोजतात, याचं मला मनापासून दुःख होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यातली ८,३३१ गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती.

कायदा आहेच. मागच्या पट्ट्याचा नियम जुना आहे, दंड हजार रुपये आहे. एप्रिल २०२५ पासून नव्या गाड्यांत मागच्या सीटसाठीही आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यांत आठवण माणसानेच द्यायची.

सीट कव्हरबद्दल एक गोष्ट आणखी. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथली शिवण उसवणारीच हवी, नाहीतर एअरबॅग कव्हरात अडकते. कव्हरवाल्याला हे सांगावं लागतं. आणि बकलांसाठी भोकं कापायला सांगावं लागतं.

त्या पहाटे आत्याने पट्टा लावला, पण तो गळ्याला काचू लागला आणि पदर चुरगळला. गाडी थांबवून पट्टा गळ्यावरून सरकवून खांद्याच्या मधोमध आणला, खालचा भाग पोटावरून काढून मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवला आणि पदर पट्ट्यावरून मोकळा सोडला. नातवाला कडेला घेऊन मुलांसाठीच्या उंच बैठकीवर बसवलं. पेणपर्यंत ती दोनदा कुरकुरली. माणगावला चहाला उतरलो. परत बसलो, गाडी सुरू केली, तर मागून तिचा आवाज आला, "थांब रे जरा, याचं ते टोक सापडत नाहीये."