चबच्या पिल्लांचे पाणी

ग्रँड कॅन्यनमधली कोलोराडो नदी १९६३ पर्यंत ऋतूंच्या तालावर चालत होती. रॉकी पर्वतातला बर्फ वितळला की मे-जूनमध्ये गढूळ लोंढा यायचा आणि पुढे उन्हाळाभर पाणी सावकाश उतरत जायचे. ग्लेन कॅन्यन धरणाने ही लय मोडली. वर्षाचे चढउतार पुसट झाले, रोजचे सुरू झाले. दुपारी फिनिक्ससारख्या शहरांत एसी लागले की टर्बाइनमधून जास्त पाणी सुटते आणि रात्री मागणी घटली की विसर्गही घटतो. एके काळी दिवसभरात पातळी दहा-बारा फूटसुद्धा हलायची.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो काठच्या आडोशांना. ओढ्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांनी जिथे पात्र आकसते, त्याच्या खालच्या अंगाला पाणी भोवऱ्यासारखे उलटे फिरते. तिथे वाळूचा दांडा साचतो आणि दांडा व काठ यांच्यामध्ये एक चर कोरली जाते. पाणी उतरले की तोंडाशी तेवढी नदीला जोडलेली ही चर संथ डबके होऊन उरते. उन्हाने ती तापते, तळाशी गाळ बसतो, त्यात सूक्ष्म जीव आणि किड्यांच्या अळ्या वाढतात.

हम्पबॅक चब या कुबडवाल्या माशाच्या पिल्लांना अशा जागा फार सोयीच्या. हा मासा मुख्यतः लिटल कोलोराडो या उपनदीत अंडी घालतो. तिथल्या उबेत वाढलेली पिल्ले मुख्य नदीत येतात तेव्हा त्यांना गारठा गाठतो. भरलेल्या जलाशयाच्या खोल थरातून सुटणारे पाणी वर्षभर साधारण ८ ते १२ अंशांचे असते. पूर्वी उन्हाळ्यात ते २५ अंशांच्या पुढे जायचे. अशा गारठ्यात पिल्ले सुस्तावतात, त्यांची वाढ खुंटते. आडोशाची ऊब हा त्यांचा आसरा. पण लाट आली की थंड पाणी आत शिरून ऊब आणि खाद्य दोन्ही धुऊन नेते. ओसरली की चर उघडी पडते. दिवसभर तापलेले पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

म्हणून १९९६ मध्ये रोजच्या चढउताराला ५ ते ८ हजार क्युसेकची मर्यादा घालण्यात आली. मात्र पाणी नुसते स्थिर ठेवून भागत नाही, हे मला या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. पूर आलाच नाही तर चरी गाळाने बुजतात, त्यांत झुडपे माजतात. शिवाय नदीची नव्वद टक्क्यांहून अधिक वाळू धरणामागेच अडकते. त्याच वर्षी मार्चअखेर आठवडाभर ४५ हजार क्युसेकचा कृत्रिम पूर सोडला, तेव्हा तळची वाळू उचलली जाऊन काठावर नवे दांडे उभे राहिले. पुढच्या काही महिन्यांत त्यांतले बरेच पुन्हा झिजले.

२०२१ मध्ये चबचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ असा सुधारला. पण पुढच्याच वर्षी धरणाखाली सुमारे पाच किलोमीटरवरच्या एका उबदार आडोशात स्मॉलमाऊथ बासची पिल्ले सापडली. बास हा बाहेरून आलेला, चबची पिल्ले खाणारा मासा. जलाशय इतका आटला होता की टर्बाइनकडे वरच्या थरातले कोमट पाणी जाऊ लागले होते. जुलै २०२४ पासून काही महिने टर्बाइन टाळून खालच्या नळांतून गार पाणी सोडले गेले, वीजनिर्मितीवर पाणी सोडून. ज्या गारठ्याने चबची पिल्ले सुस्तावतात, तोच गारठा बासची वीण रोखण्यासाठी मुद्दाम सोडावा लागला.