रात्रपाळीचा हिशेब

बडोद्याजवळील कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांचे काम अहोरात्र चालते. त्यामुळे कामाचा दिवस आणि पंचांगातील दिवस यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

समजा, एखादा कामगार ३१ जानेवारीला रात्री दहा वाजता कामावर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर पडला. त्याचे आठ तास भरले, हे लहान मूलही सांगेल. परंतु संगणकास नुसत्या घटका दिल्या, तर तो ६ मधून २२ वजा करून 'उणे १६' असे उत्तर देईल! दोष यंत्राचा नव्हे. त्याला तारीखच सांगितलेली नाही.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा संग्रह. ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यात तारीख व वेळ एकत्र ठेवणारा स्वतंत्र रकाना करता येतो. मग चालू क्षण सांगणे, तारखेतून महिना वेगळा काढणे, दोन क्षणांमधील अंतर मोजणे, ही कामे तयार फंक्शने करतात. तारीख साध्या अक्षरांत लिहिली, तर मात्र '१०' हे '९' च्या आधी येते. कारण तेथे पहिले अक्षरच पाहिले जाते.

दुसरा धोका महिनाअखेरीचा. '१ ते ३१ जानेवारी' अशा नोंदी मागितल्या, तर पुष्कळदा ३१ तारीख म्हणजे त्या दिवसाच्या आरंभीची मध्यरात्र असा अर्थ घेतला जातो, आणि रात्री दहाची ती नोंद गळते. म्हणून '१ जानेवारीपासून, १ फेब्रुवारीच्या आधीपर्यंत' असे विचारावे.

तिसरी गोष्ट प्रदेशाची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कोयलीत १ फेब्रुवारीचे पहाटेचे दोन वाजतात, तेव्हा जागतिक वेळेनुसार ३१ जानेवारीचे रात्रीचे साडेआठच झालेले असतात. यास्तव नोंद कोणत्या वेळेत केली, हे ठरलेले असावे.

हा नियम क्षुल्लक वाटेल. पण गळलेली एक नोंद म्हणजे कोणाच्या तरी जागरणाचा बुडालेला मोबदला होय.