उवांना औषध शेतातले नको, फणी हवी



वैभववाडी-कणकवलीकडचा आपला ऊस घाट चढून गगनबावड्याकडे जातो. त्या उसाच्या किडीची आपण वेळच्या वेळी काळजी घेतो. आज दोन शब्द पोरांच्या डोक्यातल्या किडीविषयी. विषय बायकामाणसांचा म्हणून पुरुषांनी पान उलटू नये, कारण औषधाची बाटली त्यांच्याच ताब्यात असते.

पोरीच्या डोक्यात उवा फार झाल्या की हुमणी-खोडकिडीसाठी आणलेल्या औषधाचे चार थेंब तेलात घालायचा मोह होतो. हे कधीही करू नका. ही औषधे कातडीतून अंगात भिनतात. डोके खाजवून फोडले असेल तर आणखी लवकर. लाळ, घाम, उलटी, चक्कर अशी लक्षणे दिसतात आणि मूल दगावूही शकते. चुकून लागलेच तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. जुनी गॅमॅक्झिन म्हणजे बी.एच.सी. पावडर कुठे पडून असेल तर तिला हात लावू नका. तिच्यावर १९९७ पासून देशात बंदी आहे.

रॉकेलही नको. चुलीजवळ पेट घेते, पोटात गेले तर फुप्फुसाला इजा होते. सीताफळाच्या बियांची पूड आजीबाईंच्या वेळची खरी, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते.

मग करावं काय? आधी ऊ ओळखा. ती दोन-तीन मिलिमीटरची, उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की पसरते. मादी रोज सहा-सात अंडी घालते. त्याच लिखा. त्या केसाला डिंकासारख्या चिकटतात आणि आठ-नऊ दिवसांत फुटतात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

उपाय साधा आहे. केस ओले करून खोबरेल सढळ हाताने लावावे. तेलाने लिखा मरत नाहीत, पण उवा सुस्त होतात आणि फणी चांगली चालते. बारीक दातांची फणी केसांच्या मुळापासून टोकापर्यंत, बटा करून, उजेडात फिरवावी. दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असे दोन-तीन आठवडे करावे. उशीचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवावेत.

एवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानात एक टक्का परमेथ्रिनचे औषध मिळते. दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि नवव्या दिवशी पुन्हा लावावे, म्हणजे मागाहून फुटलेल्या लिखांतल्या उवाही मरतात. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी डॉक्टरांना विचारूनच.

२००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा एकट्याने फवारून भागले नाही, शेजारचा फडही बघावा लागला. इथेही तसेच. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, शेजारणीला सांगा, बाईंना कळवा. उवा स्वच्छ घरातही होतात. ऊसतोडणीच्या मजुरांच्या पोरांना दोष देऊ नका आणि आपल्या लेकीचे केस रागाने भादरू नका. फणी आणि तीन आठवड्यांची चिकाटी पुरते.