जुन्या विमानाचा जीर्णोद्धार

निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘एअरफिक्स’ कंपनी काढली, तेव्हा तिचा माल होता हवा भरून फुगवण्याची रबरी खेळणी. पुढे ती कंगवे करू लागली. १९५२ मध्ये ‘वूलवर्थ्स’ या दुकानांसाठी ‘गोल्डन हाइंड’ जहाजाची प्रतिकृती स्वस्त करावयाची होती. म्हणून ती न जोडता, सुटे भाग पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकली गेली. जोडणीची मजुरी वाचली आणि गिऱ्हाइकाला जोडण्याचा आनंद मिळाला! नंतर याच रीतीने ‘स्पिटफायर’ हे लढाऊ विमान आले आणि प्लॅस्टिकची विमाने घरोघरी जोडली जाऊ लागली.

या छंदातील एक रूढ प्रमाण १:७२ आहे. म्हणजे सहा फुटांचा माणूस एक इंच उंचीचा. त्या हिशेबाने सुमारे ११.२ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर साडेपंधरा सेंटिमीटरांत मावते. अशी जुनी विमाने आज कपाटात सापडतात ती धुळीने माखलेली, चाक तुटलेली, रंगाचे जाड थर चढलेली.

त्यांचा जीर्णोद्धार उतरवण्यापासून सुरू होतो. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि चिन्हांची मापे टिपून ठेवावीत, कारण रंगाबरोबर तीही जातात. नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. जुना सांधा हट्टी असेल तर विमान काही तास फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीने ठिसूळ झालेला गोंद पुष्कळदा हलक्या हाताने सुटतो. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. चिवट एनॅमलसाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरतात. तेथे हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅसिटोन असलेला थिनर मात्र वर्ज्य, कारण तो रंगाबरोबर पॉलिस्टायरीनही विरघळवतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर नेहमी ओला करूनच घासावा. मग फटींत पुट्टी, तुटक्या भागांची भरपाई, अस्तराचा हात आणि शेवटी पातळ थरांत रंग.

व्यापारी दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच दिसतो. पुट्टी, रंग, नवी चिन्हे आणि कित्येक संध्याकाळी यांची बेरीज केली, तर नवा संच त्याहून स्वस्त पडतो. मग जुन्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर त्या गोंदातच आहे. हा गोंद दोन भाग नुसते चिकटवत नाही. प्लॅस्टिक विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणून घाईने जोडणाऱ्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा पंखावर कायमचा उमटतो. आज तो मुलगा आजोबा झालेला असेल, कदाचित हयातही नसेल. घासून तो ठसा नाहीसा करणे मिनिटाभराचे काम. परत आणणे कोणत्याही किमतीत अशक्य.

म्हणून कोठे थांबावे, हे ठरवणे हीच या कामातील खरी कसोटी होय. मोडलेले चाक नवे करावे, उडालेला रंग पुन्हा द्यावा. पण पोटाखालची, सहसा न दिसणारी एखादी जुनी खूण तशीच राहू द्यावी. नव्या संचात सर्व भाग मिळतात. तो ठसा तेवढा मिळत नाही.